विजेचा रेंजकीपर टेबलावर कसा बांधावा

दोन जहाजं चालत असतात. आपल्या तोफेतून सुटलेला गोळा अर्धा मिनिट हवेत राहतो आणि तेवढ्यात शत्रूचं जहाज पुढे सरकलेलं असतं. म्हणून तोफखान्याला आत्ताचं अंतर कळून भागत नाही, ते अंतर कोणत्या दराने बदलतंय हेही कळावं लागतं. तो दर काढून अंतर पुढे चालवत ठेवणारा गणक म्हणजे रेंजकीपर. ब्रिटिश नौदलातल्या जॉन ड्युमारेस्क यांनी १९०२ च्या सुमारास यासाठी पट्ट्या आणि तबकड्यांचं एक हातात धरायचं यंत्र काढलं. मग ड्रेयर टेबल आलं, आर्थर पोलन यांचं आर्गो क्लॉक आलं, अमेरिकेत हॅनिबल फोर्ड यांचा रेंजकीपर आला. हे सगळे चाकं, कॅम आणि दातेरी गिअरवर चालायचे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी जहाजांवर असलेला मार्क १ गणक हा त्याच घराण्यातला, वजन जवळजवळ १,४०० किलो.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये डेव्हिड पार्किन्सन आणि क्लॅरेन्स लव्हेल यांनी हेच गणित व्होल्टेजमध्ये मांडलं. वेग म्हणजे व्होल्ट, कोन म्हणजे पोटेन्शिओमीटरचा (फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या रोधाचा, थोडक्यात पॉटचा) दांडा, बेरीज म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. त्यातून लष्कराच्या विमानविरोधी तोफांसाठी एम-९ डायरेक्टर (तोफांना नेम सांगणारा गणक) निघाला. १९४४ मध्ये इंग्लंडवर येणारे व्ही-१ हे जर्मन उडते बॉम्ब पाडणाऱ्या तोफा त्याच्या जोरावर चालत होत्या. नौदलासाठी याच पद्धतीचा मार्क ८ गणक बेलने बनवला. नौदलाने तो तपासला, पण जहाजांवर मार्क १ च राहिला.

इथे बांधायचा आहे तो मार्क ८ नव्हे, त्याच्या पोटातला पहिला टप्पा: दोन जहाजांचे वेग आणि कोन घेऊन अंतराचा दर व आडवा वेग काढणारा आणि त्या दराने अंतर पुढे चालवणारा गणक. व्हॉल्व्ह (काचेच्या जुन्या इलेक्ट्रॉन-नळ्या) आणि ३०० व्होल्ट लागत नाहीत, ऑप-अँप (चिपमधले अ‍ॅम्प्लिफायर) आणि ±१५ व्होल्टमध्ये काम होतं. मात्र साइन-कॉस पॉट (कोनाचा साइन आणि कॉस व्होल्टेजमध्ये देणारा) हाताने गुंडाळायचा आहे, कारण सगळी गंमत आणि सगळी चूक तिथेच आहे.

गणित

आपल्या जहाजाच्या नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, शत्रू किती अंशांवर दिसतो ते बेअरिंग. शत्रूच्या नाळेपासून आपण किती अंशांवर दिसतो तो लक्ष्यकोन. दोन्ही घड्याळाच्या दिशेने मोजायचे.

अंतराचा दर = −(आपला वेग × कॉस बेअरिंग + शत्रूचा वेग × कॉस लक्ष्यकोन)

आडवा वेग = आपला वेग × साइन बेअरिंग + शत्रूचा वेग × साइन लक्ष्यकोन

दर ऋण आला तर अंतर घटतंय. आडवा वेग धन आला तर शत्रू उजवीकडे सरकतोय. हे उदाहरण कागदावर लिहून ठेवा, पुढे सतत लागेल: आपण २० नॉट, बेअरिंग ६०°, शत्रू २४ नॉट, लक्ष्यकोन ३०°. दर येतो −३०.७८ नॉट, आडवा वेग २९.३२ नॉट. एक नॉट म्हणजे मिनिटाला ३०.८७ मीटर, म्हणजे अंतर मिनिटाला ९५० मीटरने घटतंय आणि शत्रू ९०५ मीटर आडवा जातोय. गोळा ३० सेकंद हवेत असला आणि आपण दर धरलाच नाही, तर तो ४७५ मीटर पलीकडे पडेल.

स्केल आधी ठरवा, सोल्डरिंग नंतर. प्रत्येक जहाज ३० नॉटपर्यंत, म्हणून बेरीज ६० नॉटपर्यंत जाते. १० व्होल्ट = ६० नॉट धरा, म्हणजे १ व्होल्टला ६ नॉट. अंतरासाठी १ व्होल्ट = २,००० मीटर. वेगाचं स्केल याहून मोठं घेतलं तर समोरासमोर येणाऱ्या दोन जहाजांना ऑप-अँप ±१३ व्होल्टच्या आसपास भिंतीला टेकतो आणि निमूटपणे चुकीचं उत्तर देतो. आवाज नाही, धूर नाही.

सामान

टीएल०७४ (एका चिपमध्ये चार ऑप-अँप) तीन, टीएल०७१ (एकच ऑप-अँप) दोन. ७८१५ आणि ७९१५ (+१५ आणि −१५ व्होल्टचे रेग्युलेटर), १५-०-१५ चा अर्धा अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर. ५ व्होल्टचा रेफरन्स (स्थिर आधार-व्होल्टेज देणारा), एलएम३३६-५.० पुरतो. दहा फेऱ्यांचे १०के (के म्हणजे हजार ओहम) पॉट तीन, मोजणीच्या डायलसकट. १००के एक टक्का मेटल फिल्म रेझिस्टर पन्नास घ्या. महागडे ०.१ टक्क्याचे घेण्यापेक्षा साडेचार अंकी मीटरवर निवडून जुळत्या जोड्या काढणं स्वस्त पडतं. १ मायक्रोफॅरडचे पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर दहा. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास हे सगळं एका फेरीत मिळतं. न मिळणारी वस्तू एकच, इनॅमल असलेली ४० गेजची युरेका (तांबं-निकेलच्या मिश्रधातूची) तार. ती शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळांना माल पुरवणाऱ्यांकडे विचारा. प्रत्येक कार्डाला (तार गुंडाळलेल्या पाटीला) साधारण ८७ मीटर लागते आणि १०० मीटर तारेचं वजन जेमतेम १० ग्रॅम भरतं, म्हणून २५ ग्रॅमची रीळ दोन कार्डांना पुरते.

नायक्रोम का नको? चालते, पण नेहमीच्या रोझिन फ्लक्सने तिला सोल्डर धरत नाही. युरेकाला धरतं. तापमानाने तारेचा रोध बदलण्याची काळजी करू नका. पॉट हा भागाकार करतो, सगळी तार सारखीच तापली की गुणोत्तर तेच राहतं.

साइन-कॉस कार्ड

कल्पना साधी आहे. एका सपाट पाटीवर तार समांतर गुंडाळा. दोन टोकांना +५ आणि −५ व्होल्ट द्या. आता पाटीवर कुठेही ब्रश (तारेवर सरकणारा संपर्क) टेकवला तर मिळणारं व्होल्टेज फक्त एका दिशेतल्या जागेवर अवलंबून असतं, तारांना आडवं किती सरकलो यावर. ब्रश वर्तुळात फिरवला की व्होल्टेज कॉसने बदलतं. पहिल्यापासून ९०° वर दुसरा ब्रश लावला की त्याच कार्डावरून साइन मिळतो.

१.६ मि.मी. जाडीची ग्लास इपॉक्सी शीट घ्या, तांबं नसलेली. तुकडा ८० मि.मी. रुंद, ९० लांब. लांबीच्या कडा, जिथून तार वळते, त्या बारीक कानसने गोल करा. धारदार कड राहिली तर तीन-चारशे फेऱ्यांनंतर तार तुटते आणि मग ती जोडता येत नाही, कारण गाठीवरून ब्रश उडतो. मधले ७६ मि.मी. गुंडाळा. इनॅमलसकट एका मि.मी.त सात फेरे बसतात, म्हणजे सुमारे ५३० फेरे, रोध ३.६के च्या आसपास. पुढच्या बाजूची तार कडेला काटकोनात हवी. पुढच्या फेऱ्याकडे जाण्याचा तिरकेपणा सगळा मागच्या बाजूला ढकला. ताण एकसारखा राहावा म्हणून रीळ खाली सोडून तार वहीच्या दोन पुठ्ठ्यांमधून ओढा. फेरे झाले की पातळ वार्निशचा एक हात, रात्रभर वाळवण. मग ३५ मि.मी. त्रिज्येच्या वर्तुळावर ३ मि.मी. रुंद पट्टा १००० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, तारेच्या दिशेने, आडवा नाही. आडवं घासलं तर धातूची भुकटी फेऱ्यांमध्ये भरते आणि शेजारचे फेरे शॉर्ट होतात. इनॅमल गेला की तार चमकते, तिथे थांबा. शेवटी स्पिरिट आणि मऊ ब्रश.

दांड्यासाठी जुन्या कार्बन पॉटचं पोट काढून त्याचा बुश आणि ६ मि.मी. चा दांडा वापरा. तो कार्डासमोर वेगळ्या पाटीत बसवायचा, कार्डाला मधे भोक पाडायचं नाही. दांड्यावर ३ मि.मी. अ‍ॅक्रिलिकचा हात, त्यावर जुन्या रिलेच्या फॉस्फर ब्राँझच्या पट्टीचे दोन ब्रश, टोक ०.३ मि.मी. गोलाईचं. दाब १० ते २० ग्रॅम. सोनाराच्या छोट्या काट्यावर ब्रश टेकवून दाब मोजता येतो. कमी पडला तर फिरवताना व्होल्टेज उड्या मारतं. जास्त झाला तर ज्या दोन जागी ब्रश तारेच्या दिशेनेच धावतो, तिथे दोन फेऱ्यांमध्ये नाली कोरली जाते. झीज नेहमी तिथूनच सुरू होते, म्हणून भिंग घेऊन आधी तिथेच बघा. ब्रशांच्या वायरी लवचिक ठेवा आणि ३५० अंशांवर अडथळा लावा. स्लिप रिंगचा (अखंड फिरणाऱ्या सरकत्या जोडणीचा) खटाटोप या आकारात परवडत नाही.

गुंडाळलेली तार ±३८ मि.मी. पर्यंत आहे आणि ब्रश ±३५ वर फिरतो. नेमक्या ३५ वर टॅप (मधली जोडणी) सोल्डर करायचा मोह होईल. करू नका, तिथे गाठ येते. ३८ भागिले ३५ म्हणजे १.०८६ पट, ही भरपाई पुढच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये करू.

एका फेऱ्याची पायरी दुरुस्तीनंतर साधारण २० मि.व्होल्ट, म्हणजे पूर्ण वेगाला ०.१२ नॉट. हाताने केलेल्या कामाला हे उत्तम आहे.

जोडणी

प्रत्येक जहाजाला एक टीएल०७४. पहिला भाग: वेगाच्या पॉटनंतर फॉलोअर (व्होल्टेज तेच ठेवून भार पेलणारा), तो कार्डाच्या + टोकाला. दुसरा: १००के-१००के चा इन्व्हर्टर (चिन्ह उलटवणारा), तो − टोकाला. तिसरा आणि चौथा: दोन ब्रशांचे फॉलोअर. हे फॉलोअर वगळून ब्रश थेट बेरजेच्या अ‍ॅम्प्लिफायरला लावायची घाई बरेच जण करतात. ब्रशाच्या मागे कार्डाचा स्वतःचा रोध असतो, मधल्या भागात ०.९के पर्यंत. पुढचा इनपुट १०के असला तर ३० नॉटला जवळजवळ १ नॉटची चूक येते, तीही दर कोनाला वेगळी. अशी चूक ट्रिमर फिरवून जात नाही.

तिसऱ्या टीएल०७४ मध्ये बेरीज. दोन्ही जहाजांचे कॉस एका इन्व्हर्टिंग समरला (बेरजेच्या अ‍ॅम्प्लिफायरला) द्या: फीडबॅक १००के, इनपुट प्रत्येकी ९१के आणि मालिकेत ५के चा बहुफेरी ट्रिमर (बारीक जुळवणीचा छोटा पॉट). १.०८६ ची भरपाई इथे होते. समर चिन्ह उलटवतो, त्यामुळे सूत्रातलं वजाचिन्ह फुकट मिळतं. साइनसाठी तसाच दुसरा समर, त्यापुढे इन्व्हर्टर. उरलेला चौथा भाग दराचं चिन्ह परत उलटवतो, कारण पुढचा इंटिग्रेटर (दर साठवत अंतर चालवणारा भाग) हाही उलटवतो. हा समर बेलच्या कार्ल स्वार्ट्झेल यांच्या १९४१ सालच्या पेटंट अर्जातला, फक्त त्यांच्याकडे व्हॉल्व्ह होते. एक टीएल०७१ रेफरन्सपासून −५ व्होल्ट बनवतो, दुसरा इंटिग्रेटर.

इंटिग्रेटर

१० व्होल्टला म्हणजे ६० नॉटला अंतर मिनिटाला १,८५२ मीटर बदलतं, आपल्या स्केलवर सेकंदाला ०.०१५४ व्होल्ट. त्याला ६४८ सेकंदांचा आरसी (रोध गुणिले कपॅसिटर) लागतो. १० मायक्रोफॅरडला जवळजवळ ६५ मेगओहम! अशा रोधात बोटाचा घाम आणि पावसाळी हवासुद्धा गळती बनते. इनपुट दहापट खाली आणून खऱ्या वेळेत चालवता येतं, पण मग १० मि.व्होल्टच्या ऑफसेटला (इनपुट शून्य असतानाही उरणाऱ्या व्होल्टेजला) मिनिटाला १८ मीटरचा घसारा, म्हणजे साचत जाणारी चूक, येतो.

त्यापेक्षा वेळच दहापट पळवा. टेबलावरचा १ सेकंद म्हणजे समुद्रावरचे १०. आरसी ६४.८ सेकंद: १० मायक्रोफॅरड आणि ६.४८ मेगओहम, म्हणजे ४.७ मेग + १.५ मेग + ५००के चा ट्रिमर. तोच ऑफसेट आता समुद्रावरच्या मिनिटाला २ मीटरही चूक करत नाही. पिन १ आणि ५ मध्ये १००के चा प्रीसेट, मधलं पाय −१५ ला, एवढी शून्य-दुरुस्ती तरीही द्या. व्हॉल्व्हच्या काळात हा घसारा मोठी डोकेदुखी होता.

कपॅसिटर इलेक्ट्रोलिटिक घेऊ नका, तो गळतो. पॉलिएस्टर चालतो, पण रीसेटनंतर व्होल्टेज थोडं मागे रेंगाळतं.

सुरुवातीचं अंतर भरण्यासाठी दोन पोलचा स्विच. ‘भर’ बाजूला इनपुटचा ६.४८ मेग सुटतो आणि −५ व्होल्टवरच्या तिसऱ्या पॉटकडून १०के, कपॅसिटरवर २०के जोडले जातात. १६,००० मीटरसाठी ८.०० व्होल्ट. स्विच दोन सेकंद तरी धरा. या पॉटवर १०के चा भार पडतो, त्यामुळे त्याचा डायल खोटं बोलेल. मीटर बघून लावा.

जुळवणी, याच क्रमाने

रेफरन्स ५.००० करा. −५ तपासा. एका जहाजाला ३० नॉट, दुसऱ्याला शून्य. कार्डाच्या दोन टोकांची मापं जुळलीच पाहिजेत. +५.००० आणि −४.९५० असतील तर ९०° वर ०.१६ नॉट उगाच दिसतील, इन्व्हर्टरचे रेझिस्टर बदला.

कोनाचा डायल ०° ला जुळवू नका. तिथे कॉस सपाट असतो, २° चुकलं तरी फरक ०.०६ टक्के. डायल ९०° ला ठेवा आणि कॉस ब्रशाचं व्होल्टेज शून्य येईल असा हात दांड्यावर आवळा. तिथे १° म्हणजे ८० मि.व्होल्ट, चूक लपत नाही. मग ०° ला या आणि साइन शून्य आहे का बघा. ८० मि.व्होल्ट दिसले तर दोन ब्रशांमधला काटकोन एका अंशाने बिघडलाय.

आता ०° ला ट्रिमर फिरवून दर −५.००० व्होल्ट करा, मग १८०° ला जा. +४.९३० आलं तर ०.०७० चा अर्धा, ०.०३५, ही केंद्राची चूक आहे: ३५ मि.मी. त्रिज्येवर पाव मि.मी. कार्डाची भोकं लांबट ठेवली असतील तर कार्ड तेवढं सरकवा आणि ९०° पासून पुन्हा सुरू करा. तारेच्या दिशेने कार्ड मिलिमीटरभर सरकलं तरी उत्तरात फरक पडत नाही, त्या दिशेला व्होल्टेज बदलतच नाही. तारांना आडवं सरकलेलं मात्र दिसतं. दुसऱ्या कार्डालाही हेच.

शेवटी मघाचं उदाहरण लावा. दराला −५.१३ व्होल्ट, आडव्या वेगाला ४.८९. दोन्ही ०.०५ च्या आत आले तर यंत्र बरोबर आहे.

गोळ्याच्या उड्डाणकाळासाठी

अंतरावरून उड्डाणकाळ काढायला विशिष्ट आकारात कापलेलं कार्ड लागतं. तत्त्व हे: जिथे फलनाचा चढ जास्त, तिथे कार्ड उंच, कारण उंच फेऱ्यात तार जास्त. गोळा पुढे जाऊन मंदावतो, दर किलोमीटरला जास्त वेळ खातो, म्हणून लांबच्या टोकाला कार्ड रुंद होतं. चढ दुप्पट तर उंचीही साधारण दुप्पट, फेऱ्याला कार्डाची जाडीही धरायला विसरू नका. उताराची कड फार तिरकी झाली तर फेरे खाली घसरतात. तिथे कडेला बारीक खाचा पाडा किंवा फेऱ्यागणिक सुपरग्लूचा ठिपका द्या.

चालवताना

१६,००० मीटर भरा, मघाचे वेग आणि कोन लावा, स्विच सोडा. नॉबला हात न लावता ६० सेकंदांनी, म्हणजे समुद्रावरच्या १० मिनिटांनी, मीटर ३.२५ व्होल्ट दाखवेल: ६,५०० मीटर. इंटिग्रेटरची ही चाचणी आहे, कमी-जास्त आलं तर ५००के चा ट्रिमर फिरवा. पण युद्धात हे उत्तर साफ चूक ठरलं असतं. शत्रू आडवाही जातोय, पहिल्या मिनिटालाच दिशा ३.४° फिरते आणि दर ३०.८ वरून २९.० नॉटवर येतो.

म्हणून दुसरी फेरी दोघांनी चालवा, दोन्ही कोन सारखेच वाढवत. १२ व्या सेकंदाला मूळ कोनात ७.३° भर, ३० व्याला २१.९°, ४८ व्याला ४०.८°, ६० व्याला ५४.३°, आणि मधल्या वेळात नॉब सावकाश फिरता ठेवा. ३० व्या सेकंदाला मीटर ६.०६ च्या आसपास हवा. ५३ व्या सेकंदाच्या सुमारास तो ५.५२ व्होल्टवर, ११,००० मीटरच्या जरा वर, येऊन थांबेल आणि मग उलटा चढू लागेल. ६० ला ५.५७. तो थांबलाच नाही, खाली घसरतच राहिला, तर दोघांपैकी एकाचा नॉब उलटा फिरतोय.